नाव रोल्सचे, हात रॉइसचे

१९९८ साली फोक्सवागन या जर्मन कंपनीने ४३ कोटी पौंड मोजून इंग्लंडमधल्या क्रू या गावचा एक मोटार कारखाना विकत घेतला. त्या रकमेत जमीन आली, इमारती आल्या, यंत्रे आणि आराखडे आले, बॉनेटच्या टोकावर वाऱ्यात झुकून उभी असलेली ती प्रसिद्ध मूर्ती आली आणि ग्रीक मंदिराच्या दर्शनी भागाची आठवण करून देणाऱ्या रेडिएटरच्या घडणीवरचा हक्कही आला. आले नाही ते फक्त नाव. ‘रोल्स-रॉइस’ ही अक्षरे विमानांची इंजिने बनवणाऱ्या एका वेगळ्याच कंपनीच्या मालकीची होती, आणि त्या कंपनीने ती मोटारींवर लावण्याचा हक्क बीएमडब्ल्यूला ४ कोटी पौंडांना दिला. एकाकडे कारखाना आणि मूर्ती, दुसऱ्याकडे नाव. आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून पुरी रोल्स-रॉइस बनवता येईना.

या व्यवहाराची हकीकत वाचणाऱ्याला पहिल्यांदा हसू येते. एवढी मोठी माणसे, एवढे वकील, आणि गाडीवर लावायच्या पाटीचाच घोळ! जुन्या मोटारींविषयी वाचण्याचा मला नाद आहे, आणि या कंपनीचा इतिहास शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत गेल्यावर मात्र असे वाटू लागले की १९९८ साली काही नवे घडले नाही. नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे ही फाळणी या कंपनीच्या जन्मापासूनच तिच्यात होती.

काम होते हेन्री रॉइसचे. १८६३ साली पीटरबरोजवळच्या ऑल्वल्टन या खेड्यात एका गिरणीवाल्याच्या घरी तो जन्मला. वडिलांचा धंदा बुडाला, कुटुंब लंडनला आले आणि मुलगा नऊ वर्षांचा असताना वडील गेले. त्याने वर्तमानपत्रे विकली, तारा पोहोचवल्या. एका आत्याच्या पैशांवर त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली, पण तीन वर्षांनी आत्याजवळचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धीच राहिली. विजेच्या कामाचे जे काही ज्ञान होते ते रात्रीच्या वर्गांतून आणि नोकरीत हात काळे करून मिळवलेले. १८८४ साली अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राबरोबर त्याने मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर छोटा कारखाना काढला आणि दारावरच्या विजेच्या घंटा, डायनामो, पुढे विजेवर चालणाऱ्या याऱ्या तिथे बनू लागल्या. मोटारीशी या माणसाचा संबंध आला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि तोही डेकोव्हिल नावाची एक जुनी फ्रेंच गाडी विकत घेतल्यामुळे. ती गाडी काही टाकाऊ नव्हती. त्या काळच्या चांगल्या गाड्यांत तिची गणना होई. रॉइसला तिचा आवाज सहन होईना, तिची थरथर सहन होईना. त्याने ती खोलली, एकेक भाग तपासला आणि त्याहून चांगला भाग स्वतः बनवायला घेतला. १ एप्रिल १९०४ रोजी त्याची स्वतःची दोन सिलिंडरची, दहा अश्वशक्तीची गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली.

त्याने काही नवा शोध लावला नव्हता, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. कार्ब्युरेटर त्याचा नव्हता, ठिणगी पाडण्याची युक्ती त्याची नव्हती, गिअरची रचनाही त्याची नव्हती. दुसऱ्यांनी ‘चालेल’ म्हणून सोडून दिलेल्या प्रत्येक गोष्टीवर तो पुन्हा काम करत बसे. कारखान्यात तो जेवण विसरे आणि दुधाचा पेला घेऊन एक पोरगा त्याच्यामागे फिरे, असे सांगतात. अशा मालकाच्या हाताखाली काम करणे सुखाचे नसणार, हेही इथेच नोंदवून ठेवावे.

नाव होते चार्ल्स रोल्सचे. लंडनच्या बर्कली स्क्वेअरमध्ये १८७७ साली जन्म, लॉर्ड लँगाटॉक यांचा धाकटा मुलगा, शिक्षण ईटन आणि केंब्रिजला, छंद सायकलींच्या शर्यती, मोटारी आणि बलून. वडिलांच्या पैशाने त्याने लंडनच्या फुलहॅम भागात मोटारींचे दुकान थाटले आणि तिथे पूझो, मिनर्व्हा अशा परदेशी गाड्या तो उमरावांना विकत असे. आपण विकतो त्या गाड्यांत एकही चांगली इंग्रज गाडी नाही याची त्याला बोच होती. रॉइसच्या कंपनीचे भागधारक हेन्री एडमंड्स हे मोटार क्लबमुळे रोल्सच्या ओळखीचे होते, आणि त्यांनीच ही गाठ घालून दिली. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघे भेटले. मँचेस्टरला रोल्स गेला आणि रॉइस लंडनला आला नाही, ही गोष्ट बोलकी आहे: कामातला माणूस काम सोडून जात नाही. रोल्सला दोन सिलिंडरच्या गाड्यांचा तिटकारा होता, कारण त्या हाडे खिळखिळी करत. ही गाडी तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांपेक्षा गुळगुळीत चालते हे पाहून त्याचे मत तिथल्या तिथे बदलले. त्याच वर्षीच्या २३ डिसेंबरला करार झाला की रॉइस बनवील त्या सगळ्या गाड्या रोल्स विकील आणि त्या ‘रोल्स-रॉइस’ या नावाने विकल्या जातील. बनवणाऱ्याचे नाव मागे आणि विकणाऱ्याचे पुढे. रॉइसने त्यावर हरकत घेतल्याचे कुठे वाचायला मिळत नाही.

दोघांच्या नावांमध्ये जी छोटी आडवी रेघ आहे ती म्हणजे क्लॉड जॉन्सन, असे त्या काळीच म्हटले जाई. रोल्सचा हा भागीदार आधी मोटार क्लबचा सचिव होता; १९०० साली इंग्लंडभर हजार मैलांची मोटार यात्रा घडवून लोकांच्या मनातली मोटारीची भीती घालवण्याचे काम त्याने केले होते. कंपनीने सगळी मॉडेले बंद करून एकच गाडी बनवावी हा निर्णय त्याचा. ती गाडी म्हणजे ४०/५० अश्वशक्तीची, सहा सिलिंडरची. त्यांतल्याच एका गाडीला १९०७ साली त्याने चंदेरी रंग दिला, तिच्या दिव्यांवर आणि कड्यांवर चांदीचा मुलामा चढवला, तिचे नाव ‘सिल्व्हर घोस्ट’ ठेवले आणि तिला लंडन-ग्लासगो रस्त्यावर सोडून दिले. रविवार वगळता दिवसरात्र ती धावत होती. ६२९ मैलांवर पेट्रोलची तोटी हादऱ्याने आपोआप बंद झाली आणि गाडी थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल ती स्वतःहून एकदाही थांबली नाही. पंधरा हजार मैल पुरे झाल्यावर मोटार क्लबच्या परीक्षकांनी ती पूर्ण खोलली आणि झिजलेले भाग बदलून ती नव्यासारखी करण्याच्या सामानाचा खर्च काढला तो २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. आजच्या जाहिरातींत आलिशान गाड्या रिकाम्या डोंगररस्त्यावर एकट्या धावताना दिसतात. जॉन्सनने गाडी झिजवून दाखवली, आणि तिचे झिजणे किती थोडे आहे याचा हिशेब छापला. जाहिरातशास्त्रात याहून प्रामाणिक उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

लगेच पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, हीच परीक्षा आपल्याकडे झाली हे महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नसते. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाची एक ४०/५० मुंबईला आली होती. मुंबई-कोल्हापूर अशी सुमारे ६२० मैलांची स्पर्धा झाली, त्या काळच्या खडीच्या आणि धुळीच्या रस्त्यांवर, सह्याद्रीतल्या घाटांच्या चढणी-उतरणींवरून, आणि त्या स्पर्धेत ती गाडी पहिली आली. मग ती ग्वाल्हेरच्या महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांचे या कंपनीशी जे प्रकरण पुढे चाळीस वर्षे चालले त्याची सुरुवात अशी एका घाटरस्त्यावर झाली, हे मला बरे वाटते. त्यानंतरचे बरेचसे प्रकरण मात्र दिखाव्याचे आहे. हैदराबादच्या निजामांसाठी बार्कर कंपनीने बांधलेली पिवळी सिल्व्हर घोस्ट आत सिंहासनासारखी उंच बैठक असलेली होती आणि इतक्या वर्षांत ती जेमतेम काही शे मैल चालली. त्याच मॉडेलच्या एका गाडीने काही आठवड्यांत पंधरा हजार मैल तोडावेत आणि दुसरीने जन्मभर मिरवणुकीची वाट पाहावी, यात दोष यंत्राचा नाही. कोणा महाराजांनी अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइस गाड्या कचरा उचलायला लावल्या ही गोष्ट तर प्रत्येकाने ऐकलेली असते. ती सांगणाऱ्यागणिक अलवर, भरतपूर, पतियाळा असे संस्थान बदलत जाते, यावरून तिची किंमत ठरवावी.

बार्करचे नाव आले, तर त्या काळची एक पद्धत सांगायला हवी. कंपनी पूर्ण गाडी विकतच नसे. आपल्याकडे मालमोटारीचा मालक आजही नुसती चासी घेऊन बॉडी बांधणाऱ्याकडे जातो, तसाच त्या वेळचा ड्यूक किंवा बँकर रोल्स-रॉइसची चासी विकत घेऊन बार्कर, हूपर, मलिनर किंवा पार्क वॉर्ड यांच्याकडे जाई. लाकूड, पत्रा, कातडे, रंग, आतले पडदे हे सगळे घोडागाड्या बांधण्याची परंपरा असलेल्या या कारागिरांचे काम. कंपनीचे होते ते इंजिन, गिअर, आस, स्प्रिंगा, रेडिएटर. म्हणजे ज्याला आपण आज ‘आलिशान’ म्हणतो त्यातले डोळ्यांना दिसणारे जवळजवळ काहीच कंपनी बनवत नव्हती. ती बनवत होती ते न दिसणारे आणि, जमेल तितके, न ऐकू येणारे.

या काळाची मोठी माणसे मात्र भराभर पांगली. रोल्सला मोटारींचा कंटाळा आला आणि विमानांचे वेड लागले. कंपनीने विमाने बांधावीत हा त्याचा आग्रह संचालकांनी मानला नाही. जून १९१० मध्ये त्याने इंग्लिश खाडी न थांबता जाऊन-येऊन ओलांडली, आणि १२ जुलैला बोर्नमथच्या विमान मेळाव्यात त्याच्या राइट विमानाचे शेपूट मोडून तो कोसळला. वय ३२. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मरण पावलेला तो पहिला ब्रिटिश माणूस. कंपनीच्या नावातला पुढचा अर्धा भाग असा सहा वर्षांत संपला, आणि नाव तसेच राहिले. दुसऱ्याच वर्षी रॉइस गंभीर आजारी पडला. जॉन्सनने त्याला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नेले, तिथे घर बांधून दिले, परिचारिका ठेवली, आणि डर्बीच्या नव्या कारखान्याच्या धकाधकीपासून त्याला कायमचे दूर ठेवले. पुढची वीस-बावीस वर्षे रॉइस हिवाळ्यात फ्रान्समध्ये आणि उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिणेला, अखेरीस ससेक्समधल्या वेस्ट विटरिंग या किनाऱ्यावरच्या गावी राहिला. आराखडे काढणारी माणसे त्याच्याजवळच मुक्कामाला असत, आणि प्रत्येक बोल्टविषयीच्या त्याच्या सूचना टपालाने डर्बीला जात. ज्याच्या हातांनी हे सगळे उभे केले तो माणूस आपल्याच कारखान्यात पाऊल ठेवत नव्हता. यात थोडी क्रूरता आहे असे मला कधी कधी वाटते. पण जॉन्सनचे गणित बरोबर होते, कारण रॉइस कारखान्यात गेला असता तर प्रत्येक यंत्रापाशी थांबला असता आणि फार दिवस जगला नसता.

बॉनेटवरची ती मूर्ती याच काळातली. मालक लोक आपापल्या गाडीवर विचित्र बाहुल्या बसवू लागले, म्हणून जॉन्सनने चार्ल्स साइक्स या शिल्पकाराकडून १९११ साली एक मूर्ती करून घेतली. तिच्यासाठी समोर उभी राहिली ती एलिनॉर थॉर्नटन, असे मानले जाते. ती लॉर्ड माँटेग्यू यांची सचिव आणि प्रेयसी. डिसेंबर १९१५ मध्ये माँटेग्यू लष्करी वाहतुकीच्या कामासाठी हिंदुस्थानला निघाले तेव्हा ती त्यांच्याबरोबर ‘पर्शिया’ या बोटीवर होती. बोट मुंबईला यायची होती. ३० तारखेला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने ती बुडवली. माँटेग्यू वाचले, एलिनॉर बुडाली. रॉइसला ती मूर्ती मुळीच आवडत नसे. पुढचे दिसत नाही अशी त्याची तक्रार होती. मूर्तीविषयी मी त्याच्या बाजूचा नाही, पण तक्रार अगदी त्याला शोभणारी आहे.

पहिल्या महायुद्धाने कंपनीचे स्वरूप बदलले. सरकारच्या मागणीवरून रॉइसने विमानाचे इंजिन रेखाटले, ‘ईगल’. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला तो दोन ईगल इंजिनांच्या बळावर. रोल्स ज्यासाठी भांडत होता ते विमान कंपनीत आले, पण तो गेल्यावर, आणि रॉइसच्या हातून. १९३३ साली रॉइस वारला तेव्हा पुढच्या इंजिनाचे काम सुरू होते. ते म्हणजे ‘मर्लिन’. स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर या विमानांत तेच बसले, आणि इंग्लंड-अमेरिका मिळून दीड लाखाच्या आसपास मर्लिन बनली. क्रूचा कारखाना मुळात मर्लिनसाठीच उभारलेला. युद्ध संपल्यावर तो रिकामा झाला म्हणून १९४६ पासून मोटारी तिथे बनू लागल्या. मोटार आता या घरातली धाकटी झाली होती.

मधल्या एका प्रकरणाकडे मात्र माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. १९३१ साली बेंटली ही प्रतिस्पर्धी कंपनी मंदीत बुडाली. नेपियर कंपनी तिला घेणार असे सगळे धरून चालले होते. ऐनवेळी एका अनोळखी ट्रस्टने जास्त बोली लावली, आणि त्या ट्रस्टमागे रोल्स-रॉइस आहे हे नंतर कळले. डब्ल्यू. ओ. बेंटली हा संस्थापक सामानसुमानाबरोबर नव्या मालकाच्या नोकरीत आला. त्याचे नाव गाड्यांवर होते, आणि त्या गाड्यांच्या रचनेत त्याला विचारत कोणी नव्हते. काही वर्षांनी तो लगोंडा कंपनीत गेला. नाव मागेच राहिले. माणसाचे नाव त्याच्यापासून सोडवून विकता येते हा धडा रोल्स-रॉइसने दुसऱ्याला दिला, आणि चाळीस वर्षांनी तो तिच्याच वाट्याला आला.

४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइसचे दिवाळे वाजले. मोटारींमुळे नव्हे. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी ‘आरबी२११’ हे इंजिन ठरावीक किमतीला द्यायचे कंपनीने कबूल केले होते. त्याच्या पुढच्या पंख्याची पाती कार्बनच्या धाग्यांची करण्याचा बेत होता, कारण ती वजनाने हलकी; पण पक्षी आदळल्याची चाचणी घेतली तेव्हा ती टिकली नाहीत. खर्च वाढत गेला, किंमत तीच राहिली. ‘चालेल’ हा शब्द ज्या घरात चालत नसे त्या घरातल्या माणसांनी अजून न जमलेल्या गोष्टीचा भाव आधीच ठरवून टाकला, हे मला रॉइसच्या स्वभावाच्या अगदी उलटे वाटते. एडवर्ड हीथ यांच्या सरकारने विमान इंजिनांचा धंदा ताब्यात घेतला. मोटारींचा भाग फायद्यात होता. तो वेगळा काढून १९७३ साली बाजारात विकला. १९८० साली तो व्हिकर्स कंपनीकडे गेला. मोटारवाल्यांकडे नाव राहिले ते वापरण्यापुरते, मालकी इंजिनवाल्यांकडे. २५ वर्षे त्याचे कोणाला काही वाटले नाही. मग व्हिकर्सने कारखाना विकायला काढला आणि पहिल्या परिच्छेदातला गोंधळ झाला.

तो सुटला असा: २००२ अखेरपर्यंत फोक्सवागनने ते नाव वापरावे, आणि १ जानेवारी २००३ पासून नाव, मूर्ती, रेडिएटर सगळे बीएमडब्ल्यूकडे जावे. क्रूमध्ये राहिले ते बेंटली. म्हणजे ज्यांनी सिल्व्हर क्लाउड आणि सिल्व्हर शॅडो बांधल्या त्या कारखान्यातून, त्याच माणसांच्या आणि त्यांच्या मुलांच्या हातून, बेंटली बाहेर पडू लागल्या. १९५९ साली रोल्स-रॉइससाठी घडवलेले आठ सिलिंडरचे इंजिनही क्रूमध्येच राहिले आणि सुधारत सुधारत २०२० पर्यंत बेंटलीच्या बॉनेटखाली धडधडत होते. बीएमडब्ल्यूने नवा कारखाना बांधला तो ससेक्समध्ये गुडवुडला, निकोलस ग्रिमशॉ यांच्या रचनेचा, वेस्ट विटरिंगपासून थोड्याच अंतरावर. वारस कोण, असे मला कोणी विचारले तर मी क्रूकडे बोट दाखवीन, आणि ते कायद्याला मान्य नाही हे मला ठाऊक आहे.

गुडवुडच्या गाड्या वाईट आहेत असे यातून कोणी काढू नये. २०२० च्या ‘घोस्ट’मध्ये अभियंत्यांनी इतका आवाज काढून टाकला की आत बसलेल्यांना चुकल्यासारखे वाटू लागले, आणि शेवटी त्यांना हलकीशी कुजबुज राहू द्यावी लागली. रॉइसने हे ऐकले असते तर तो रागावला असता, असा माझा तर्क आहे. २०२३ पासून ‘स्पेक्टर’ ही विजेवर चालणारी गाडी निघते आहे. ज्या माणसाने विजेच्या घंटा आणि डायनामो बनवून पोट भरले त्याच्या नावाची गाडी विजेवर चालावी हे योग्यच. पण विजेवर चालणारी साधी टॅक्सीही आता जवळजवळ निःशब्द असते. ज्या शांततेसाठी एका माणसाने जेवणखाण सोडले ती आता बॅटरीबरोबर आपोआप मिळते.

म्हणून कंपनी आज विकते ते दुसरेच काही. इंजिन बीएमडब्ल्यूचे, ॲल्युमिनियमचा सांगाडा जर्मनीत तयार होतो, आणि गुडवुडमध्ये होते ते रंगाचे, लाकडाचे, कातड्याचे आणि भरतकामाचे काम, एकेका गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे. २०२१ च्या ‘बोट टेल’सारख्या गाडीची तर पूर्ण बॉडीच मोजक्या गिऱ्हाइकांसाठी नव्याने घडवली जाते. ग्वाल्हेरच्या महाराजांनी गाडी घेतली त्या काळी कंपनी न दिसणारे सगळे स्वतः बनवी आणि दिसणारे बार्कर-हूपरवर सोपवी. आता दिसणारे ती स्वतः बनवते आणि न दिसणारे म्युनिकच्या मालकाकडून येते. २०२३ साली तिने ६,०३२ गाड्या विकल्या. १९०६ पासून वीस वर्षांत इंग्लंडमध्ये बनलेल्या ४०/५० गाड्यांची संख्या ६,१७३ आहे.